लॅक्रोस कोचची ऑफर: टक्के नक्की कशाचे?

अमेरिकेत मुलींच्या लॅक्रोसमध्ये (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) कॉलेजची पूर्ण स्कॉलरशिप क्वचितच मिळते. कोच उपलब्ध रक्कम अनेक खेळाडूंत वाटतात. म्हणून ‘५० टक्के’ ऐकलं की लगेच विचारा: नुसत्या ट्यूशनचे, की राहणं-जेवण धरून एकूण खर्चाचे? एका वर्षापुरते की चारही? तोंडी शब्द बंधनकारक नसतो, लेखी करार हवाच.

डिव्हिजन ३ (कॉलेज खेळांच्या तीन गटांतला तिसरा) आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) खेळासाठी पैसे नाहीत, तरी ही कॉलेजं यादीतून खोडू नका. तिथली गरजेवर आधारित मदत कधीकधी डिव्हिजन १च्या ऑफरपेक्षा मोठी निघते. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्चाचा अंदाज) भरा, कोचमार्फत फायनान्शियल प्री-रीड, म्हणजे मदतीचा आगाऊ अंदाज मागा. बारावीत फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज), काही ठिकाणी सीएसएस प्रोफाइलही (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्ज) लागतो. एच-४ व्हिसावरच्या (पालक नोकरीच्या व्हिसावर असलेल्या) मुलींना मात्र केंद्र सरकारची (फेडरल) मदत मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या निधीबद्दल विचारा.