डॉक्टरांची पर्ची वाचताना या चुका टाळा

इंदुरात डॉक्टर हिंदीत बोलतात, पर्ची इंग्रजीत लिहितात आणि घरी आजीला सगळं मराठीत सांगावं लागतं. तेवढ्यात एखादा शब्द हमखास निसटतो.

‘ॲक्यूट’ वाचून घाबरू नका. अचानक सुरू झालेलं दुखणं ॲक्यूट आणि दीर्घकाळ चालणारं क्रॉनिक. आजार किती गंभीर हे त्यावरून ठरत नाही. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूटच. ‘बिनाइन’ गाठ म्हणजे कॅन्सर नसलेली.

खरा घोळ होतो तो गोळ्यांपुढच्या अक्षरांचा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे गरज वाटली तरच. तापाची गोळी एसओएस लिहिलेली असताना ताप नसतानाही रोज घेणारे काका घरोघरी सापडतील. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची तऱ्हा वेगळी! त्यांच्याकडे ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब कोणत्या डोळ्यात आणि किती वेळा, हे दोन्ही वेगवेगळं विचारून पर्चीवर हिंदीत लिहून घ्या. लाजायचं कशाला?

फास्टिंग शुगरसाठी किमान 8 तास पोटात काही नको. पाणी चालतं, चहा नाही. पोहे-जलेबी रक्त देऊन झाल्यावर. एचबीए1सीला मात्र उपाशी राहावं लागत नाही. त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी टक्क्यांत कळते आणि 6.5 किंवा जास्त आलं तर मधुमेहाचा संशय धरतात. ‘शुगर फक्त साडेसात!’ म्हणून खूश होऊ नका. तिथे साडेसात म्हणजे सरासरी शुगर सुमारे 169. शिवाय रक्तक्षय असेल तर हा आकडा चकवू शकतो, डॉक्टरांना तसं सांगा.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, ते पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही. औषधांवर असे रुग्ण वर्षानुवर्षं राहतात. हृदय अचानक थांबतं तो कार्डिॲक अरेस्ट.

आणि ‘स्ट्रोक’. मे महिन्यात हा शब्द ऐकला की आपल्याकडे लू लागली असं समजून कैरीचं पन्हं पुढे करतात. हीट स्ट्रोक वेगळा. नुसता स्ट्रोक हा मेंदूचा: रक्तवाहिनी बंद होते किंवा फुटते. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, तर तोंडात काहीही घालू नका. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहा आणि 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.