प्रेडिक्टिव्ह कंट्रोल शिकताय? मोटर थोडे दिवस बाजूला ठेवा

गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेनी म्हणून लागलेली मुलं हल्ली हमखास विचारतात: ड्राइव्ह्जमध्ये (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये) जायचंय, प्रेडिक्टिव्ह कंट्रोल विषय घेऊ का? जरूर घ्या. पण त्यात घाम कुठे गळतो ते आधी ऐका.

पद्धत सोपी आहे: गणिती मॉडेलवरून करंट पुढे कुठे जाईल याचं भाकीत करायचं आणि त्यावरून स्विच ठरवायचे. डीसीचा एसी करणाऱ्या साध्या तीन फेजच्या इन्व्हर्टरच्या स्विचेसच्या अवस्था आठ, त्यातून मिळणारे वेगवेगळे व्होल्टेज व्हेक्टर (तिन्ही फेजचं व्होल्टेज मिळून होणारे बाण) सात. दर सॅम्पलला, म्हणजे करंट मोजायच्या दर ठोक्याला, सातही मॉडेलमध्ये घालून पुढचा करंट काढायचा आणि रेफरन्सच्या (हव्या असलेल्या करंटच्या) सर्वांत जवळ नेणारा लावायचा. करंटसाठी पीआय (चूक पाहून दुरुस्त करणारा नेहमीचा कंट्रोलर) नको, पीडब्ल्यूएम (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने स्विच चालू-बंद करणं) नको. सिम्युलेशन एका दुपारी चालतं आणि पोरं हुरळून जातात.

खऱ्या कंट्रोल बोर्डावर मात्र गणिताला वेळ लागतो. करंट मोजून निर्णय होईपर्यंत सॅम्पल संपत आलेलं असतं, म्हणजे तो निर्णय लागू होतो पुढच्या सॅम्पलला. म्हणून भाकीत एक नव्हे, दोन पावलं पुढचं करावं लागतं. हे राहिलं तर ऑसिलोस्कोपवर करंट रेफरन्सच्या दोन्ही बाजूंना उड्या मारताना दिसतो, आणि माणूस उगाच सेन्सरला दोष देत बसतो.

म्हणून सुरुवात मोटरने नको, रेझिस्टर आणि चोकने (कॉइलने) करा. डीसी बस (इन्व्हर्टरला मिळणारं डीसी व्होल्टेज) ६० व्होल्ट, चोक १० मिलिहेन्री, सॅम्पल ५० मायक्रोसेकंद. व्हेक्टर बसच्या दोन तृतीयांश, ४० व्होल्टचा, म्हणजे शून्याजवळून एका सॅम्पलमध्ये करंट ०.२ अँपिअर हलणार. हा आकडा कागदावर काढा, मग स्कोपवर ताडून पाहा. दुप्पट हलला तर मॉडेलमधली इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) चुकलीय. इतक्या छोट्या सॅम्पलला रेझिस्टन्स थोडा चुकला तरी खपतो, इंडक्टन्स नाही. आणि मोटरमध्ये लोखंड सॅच्युरेट झालं (आणखी चुंबकत्व घेईनासं झालं) की तीच घसरते. डीसी बसही दर सॅम्पलला मोजा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी असते ते सांगायला नको.

आवाजही ऐका. पीडब्ल्यूएमवर मोटर एका सुरात शिट्टी घालते. इथे स्विचिंग फ्रिक्वेन्सी ठरलेली नसल्याने फसफसल्यासारखं ऐकू येतं. २० किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला एक स्विच जास्तीत जास्त १० किलोहर्ट्झने चालतो, सरासरी त्याहून बरीच कमी. फिल्टर डिझाइन करणाऱ्याला ही अनिश्चितता अजिबात आवडत नाही, आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे.

नोकरीचं म्हणाल तर, कारखान्यातले बहुतेक व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) अजून व्ही बाय एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एका प्रमाणात ठेवणं) नाहीतर व्हेक्टर कंट्रोलवरच (फ्लक्स आणि टॉर्क वेगवेगळे सांभाळणं) चालतात. मॉडेल प्रेडिक्टिव्ह आधी रुळलं १९७० च्या दशकात तेलशुद्धीकरणात, जिथे पाऊल मिनिटांचं असतं. ड्राइव्ह्जमध्ये ते आज एबीबी कंपनीच्या मीडियम व्होल्टेज (हजारो व्होल्टच्या) ड्राइव्हपर्यंत पोचलंय, कारण तिथे प्रत्येक स्विचिंगची किंमत मोजावी लागते. तेव्हा मुलाखतीला पीआय ट्यूनिंग आणि डेड टाइम (वरचा-खालचा स्विच एकदम चालू होऊ नये म्हणून ठेवलेली फट) पक्कं करून जा. प्रेडिक्टिव्हचं नंतर विचारतील, विचारलं तर.

मोटरवर यायची वेळ झाली की रिवाइंडिंगवाल्याकडची जुनी चालेल. फक्त नेमप्लेट वाचता येणारी घ्या, आणि इंडक्टन्स स्वतः मोजा. ती नेमप्लेटवर नसते.