स्टीलच्या इमारतीचं फायर प्रोटेक्शन: खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका मेझनाइनचं, म्हणजे मधल्या अर्ध्या मजल्याचं, काम संपत आलं होतं, तेव्हा मालकांचा फोन आला. "साहेब, फायर पेंटचं कोटेशन बघून डोळे पांढरे झाले. काही कमी होईल का?" फारसं नाही. गर्डर, म्हणजे स्टीलच्या तुळया, चढले होते, आणि आगीत फुगून स्टीलला उष्णतेपासून वाचवणाऱ्या या पेंटचा खर्च गर्डर निवडतानाच ठरून गेला होता.

हीच सगळ्यांत महागडी चूक: सेक्शन, म्हणजे तुळईचा आकार आणि माप, निवडताना फक्त टनेज (स्टीलचं वजन) बघणं. स्टील जळत नाही, पण 550 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद साधारण 60 टक्क्यांवर येते. प्रमाणित चाचणीच्या भट्टीत तर अर्ध्या तासातच 840 अंश होतात. सेक्शन किती झपाट्याने तापेल हे बघायचं तर आगीसमोर उघडा असलेला परीघ भागिले छेदाचं क्षेत्रफळ, एवढं गणित करा. मीटरमध्ये मोजलं तर स्लॅबखालच्या, तीन बाजूंनी उघड्या आयएसएमबी 300 साठी (300 मिमी उंचीची, आय आकाराची प्रमाणित तुळई) उत्तर येतं सुमारे 180. आयएसएमबी 600 साठी सुमारे 115. आकडा जितका मोठा, तितका पेंटचा थर जाड. स्टीलमध्ये वाचवलेले पैसे असे पेंटमध्ये जातात.

एक साइझ वर गेलात तर आणखी एक फायदा आहे. आगीच्या वेळचा भार क्षमतेच्या 60 टक्के असेल तर बीम साधारण 550 अंशांपर्यंत तग धरतो, 40 टक्के असेल तर 620 पर्यंत. दर वेळी हे परवडेलच असं नाही, पण दोन्ही हिशेब मांडून तर बघा! आमच्याकडे तेवढंही कोणी करत नाही.

दुसरी चूक, सगळीकडे फुगणारा पेंटच मारणं. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा भिंतीत दडलेल्या स्टीलला देखणेपण कशाला? तिथे व्हर्मिक्युलाइट या उष्णता अडवणाऱ्या खनिजाचा स्प्रे किंवा अग्निरोधक बोर्ड बहुधा स्वस्त पडतो. पेंटची जाडीही सरसकट एकच नको. पेंट कंपनीच्या तक्त्यातून सेक्शननुसार घ्या.

पेंट सोलपटून निघतोय? आधी प्रायमर तपासा. फॅब्रिकेटरने मारलेला प्रायमर त्या पेंटला चालणारा नसतो, असं बऱ्याचदा निघतं. पावसात उघड्यावर राहिलेला, टॉपकोट (वरचा संरक्षक थर) नसलेला थरही खराब होतो. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्पसाठी खरवडलेल्या जागा सीलिंग बंद होण्याआधी भरून घ्या.

आणि पेंटची जाडी मोजताना गेज प्रायमरसकट आकडा दाखवतो. प्रायमरची जाडी आधीच मोजून लिहून ठेवा, मग वजा करा.