कासला जाण्यापूर्वी फुलांच्या छायाचित्रणाची घरची तयारी

कास पठारावरील फुलांचा हंगाम साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस रंगात येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरू लागतो. हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, हाती वेळ मोजका असतो आणि धुके केव्हा उतरेल याचा भरवसा नसतो. तेथे पोहोचल्यावर कॅमेऱ्याची बटणे शोधत बसण्यापेक्षा साताऱ्यातील आपल्याच अंगणात किंवा गच्चीवरील कुंड्यांवर जून-जुलैत हात बसवून घ्यावा.

सरावासाठी लाल जास्वंद आणि पांढरी तगर एवढी दोन झाडे पुरेशी आहेत, कारण कॅमेरा ज्या दोन बाबतींत हमखास फसतो त्या दोन्ही येथे भेटतात. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. त्यामुळे तगरीच्या फुलांनी चौकट भरली की पांढरा रंग मळकट येतो आणि एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावे लागते; एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे. जास्वंदीचे याच्या उलट आहे. एकूण चित्राचा उजेड योग्य दिसत असला तरी लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन भिडलेली असते, पाकळीवरील शिरा नाहीशा होतात आणि सपाट लाल डाग तेवढा उरतो. म्हणून तेथे एक्स्पोजर कमी करावे आणि कॅमेऱ्यात सोय असल्यास लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे हिस्टोग्राम (उजेडाची विभागणी दाखवणारे आलेख) वेगवेगळे पाहावेत. बहुतेक मोबाइलमध्ये फुलावर बोट दाबून धरल्यास फोकस आणि उजेड स्थिर होतो, व त्यानंतर बोट खाली ओढून उजेड कमी करता येतो.

भर दुपारचे ऊन फुलांना मानवत नाही. पावसाळ्यातील झाकोळलेले आभाळ सगळीकडून सारखा, मऊ प्रकाश देते. उघडीप पडली असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पांढरे पातळ सुती कापड किंवा बटर पेपर धरला तरी तोच परिणाम साधतो. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र फुलाच्या पलीकडून येणारा प्रकाश पाकळीतून झिरपू द्यावा आणि मागे सावलीतील भिंत किंवा गर्द पाने येतील अशी जागा शोधावी. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा. उभ्याने खाली पाहून टिपलेल्या चित्रात फुलापेक्षा कुंडीची कडच अधिक दिसते.

जवळून टिपताना सर्वांत मोठी अडचण फोकसची असते. फुलाच्या जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो आणि मॅक्रो लेन्सने अगदी जवळ गेल्यावर तो काही मिलिमीटरच उरतो. अशा वेळी अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवावे, कॅमेऱ्याचा चेहरा फुलाच्या पसरटपणाला समांतर धरावा आणि फोकस परागकोशांवर साधावा. मोबाइलला फुलाला चिकटवण्याऐवजी थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरावा, म्हणजे मोबाइलची सावली फुलावर पडत नाही आणि पाकळ्यांचा आकारही विकृत होत नाही.

कासला या सरावात वाऱ्याची भर पडते. घरी देठाला काडीचा आधार देता येतो. पठारावर फुलाला हात लावायचा नाही आणि पायवाट सोडायची नाही, कारण जांभ्या खडकावरील मातीचा थर इतका पातळ आहे की एका पावलाखालीही रोपे चिरडतात. शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० ते १६०० पर्यंत वाढवण्यास कचरू नये, आणि वारा क्षणभर पडताच सलग पाच-सहा चित्रे घ्यावीत. थोडी दाणेदार झालेली चौकट चालते, हललेली चालत नाही. सीतेची आसवे, सोनकी आणि तेरडा यांच्या गालिच्यांची छायाचित्रे दरवर्षी एकसारखीच निघतात. २०० ते ३०० मिलिमीटरच्या लेन्सने पायवाटेवरूनच ती सहज मिळतात, तेव्हा ती आधी उरकून घ्यावीत. माझ्या मते खरा वेळ द्यावा तो ओल्या कातळाच्या खाचेत उभ्या असलेल्या एखाद्या रोपाला, जेथे फुलाबरोबर त्याची जागाही चित्रात येते. जांभळ्या फुलांचा रंग कॅमेरा पुष्कळदा निळसर नोंदवतो, म्हणून शक्य असल्यास रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात) चित्रे साठवून तो नंतर दुरुस्त करावा.

सामान कमी घ्यावे. एक कॅमेरा, एखाददुसरी लेन्स, जास्तीची बॅटरी, मऊ पुसणी, लेन्सच्या मापाचे भोक पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड एवढे पुरते. ट्रायपॉडऐवजी तांदूळ भरलेली लहान कापडी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवली तर कमी जागेत काम होते आणि पायवाटही अडत नाही. यवतेश्वरचा घाट चढू लागताच गाडीतील एसी बंद करावा आणि बॅग काही वेळ मिटलेलीच ठेवावी, अन्यथा थंड काचेवर बाहेरची दमट हवा बाष्प धरते. घरी परतल्यावर ओली बॅग कपाटात ठेवू नये. कॅमेरा पुसून, पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण लेन्सवरील बुरशी दमट, बंद जागेतच वाढते.

मित्रांना चित्रे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, म्हणजे त्यांचे तपशील दाबले जात नाहीत. मात्र तसे करताना चित्रात नोंदलेले ठिकाणही सोबत जाते. आमरीसारखी (ऑर्किड) विरळ फुले असतील तर मोबाइलमधील स्थाननोंद आधीच बंद करावी आणि चित्राखाली फुलाचे नाव व महिना लिहून थांबावे. नेमकी जागा लिहू नये.