रायफल स्कोपच्या आयपीसमधला ‘प्ले’ कसा तपासावा

नवा, महागडा रायफल स्कोप हातात आला की बहुतेकांची बोटे आपोआप मागच्या टोकाकडे, म्हणजे डोळा लावायच्या आयपीसकडे जातात, आणि तिथले कडे किंचित जरी डुगडुगले तरी मनात पाल चुकचुकते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत प्ले, म्हणजे सैलपणा, का असावा, ही शंका रास्तच आहे. मात्र केवळ या शंकेपोटी चांगले स्कोप परत पाठवले जातात, आणि ज्याचा आयपीस घट्ट आहे पण आतले काम कच्चे आहे असा स्कोप पसंत केला जातो, म्हणून तपासणी नीट क्रमाने करणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात रायफल नेमबाजी म्हटले की ऑलिंपिकचे प्रकार आठवतात. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला ज्या 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दुर्बिणीला परवानगी नसते. तिथे बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरतात. स्कोपचा खरा कस लागतो तो बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून) आणि एफ-क्लास (आडवे पडून, रायफल आधारावर ठेवून दूरच्या लक्ष्यावर) यांसारख्या प्रकारांत. इंग्लंडमधील बिस्लीच्या रेंजवर 1000 यार्डांवरून नेम धरणाऱ्याला अर्ध्या मिनिटाचे (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे सुमारे 5 इंच व्यासाचे वर्तुळ साधायचे असते, आणि इतक्या अंतरावर स्कोपमधली कोणतीही ढिलाई लपून राहत नाही.

आयपीस हलतो का, याचे उत्तर त्याच्या आट्यांत आहे. जुन्या पद्धतीच्या आयपीसला बारीक आटे असतात, तो कितीतरी फेरे फिरवावा लागतो आणि जागेवर आला की चेकनटसारखे एक कडे मागून आवळून त्यातला प्ले काढून टाकता येतो. आजच्या ‘फास्ट फोकस’ आयपीसचे आटे मोठ्या चालीचे असतात. थोडेसे फिरवले की फोकस बदलतो. असे आटे हाताने सहज फिरायचे असतील तर त्यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, आणि ती फट दाट ग्रीसने भरलेली असते. दुकानाच्या एसीत हेच ग्रीस घट्ट असते आणि उन्हात सैल पडते, त्यामुळे दुकानात भक्कम वाटलेला आयपीस मे महिन्यातल्या दुपारी हलू लागला तर त्यात बिघाड असेलच असे नाही.

तपासणीची सुरुवात सुरक्षिततेपासून करावी. स्कोप रायफलवर असेल तर मॅगझिन आणि बोल्ट काढून चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि स्कोप कधीही सूर्याच्या दिशेने धरू नये. शक्य असल्यास स्कोप रायफलवरून उतरवून जड लाकडी ठोकळ्यावर रिंगांमध्ये (स्कोपची नळी धरणाऱ्या पकडींमध्ये) बसवावा, म्हणजे रायफलच्या हालचालीचा गोंधळ होत नाही.

त्यानंतर आयपीस स्वतःच्या डोळ्याला जुळवून घ्यावा. पांढऱ्या भिंतीकडे स्कोप रोखून दोन-तीन सेकंदच पाहावे, नजर बाजूला न्यावी, कडे थोडे फिरवावे आणि पुन्हा पाहावे. पहिल्या क्षणीच रेटिकलच्या, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या खुणेच्या, रेघा काळ्याभोर आणि रेखीव दिसल्या की जुळणी झाली. जास्त वेळ टक लावून पाहिल्यास डोळाच स्वतःला सावरून घेतो आणि चुकीची जुळणीही बरोबर भासते. मग कड्यावर आणि नळीवर मिळून पांढऱ्या पेनने एक बारीक रेघ ओढावी. ही रेघ पुढे फार उपयोगी पडते, कारण सैल कड्याचा खरा त्रास असतो तो धक्क्याने किंवा झाकण उघडताना आपोआप फिरण्याचा.

आता बोटांची परीक्षा. डाव्या हाताने नळी आयपीसच्या अगदी पुढे धरावी, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कड्यावर समोरासमोर ठेवावीत आणि वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलकेच दाबावे. ग्रीसमधली हालचाल मऊ, आवाजाविना असते. धातूवर धातू आपटल्याची बारीक ‘टक्’ बोटाला जाणवली तर ती नोंदवून ठेवावी. कडे जितके बाहेर उलगडलेले तितके आटे कमी धरलेले असतात आणि प्ले वाढतो, म्हणून शेवटच्या टोकाला नेऊन स्कोपला दोष देऊ नये. आपण ओढलेल्या रेघेपाशी काय जाणवते तेच महत्त्वाचे. आयपीसवर झडपेचे झाकण बसवलेले असेल तर ते काढावे, कारण त्याच्या लांबीमुळे तरफ तयार होते आणि प्ले आहे त्याहून मोठा भासतो.

खरा निकाल मात्र पुढच्या पायरीवर लागतो. ठोकळा घट्ट पकडून 100 मीटरवर चौकटीच्या कागदाकडे रोखावा, झूम सर्वांत जास्त ठेवावा आणि पॅरॅलॅक्स पूर्ण काढावा, म्हणजे डोळा इकडेतिकडे नेला तरी रेटिकल कागदावरून सरकता कामा नये. मग आयपीसला बोटाच्या टोकाने चारही बाजूंनी दाबावे. कागद आणि रेटिकल दोन्ही एकत्र हलले तर तो निव्वळ आयपीसचा प्ले आहे आणि त्याने गोळी जराही सरकत नाही, कारण लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल यांची गाठ आयपीसच्या पुढेच पडलेली असते. आयपीस हे त्या दोघांकडे एकाच वेळी पाहणारे भिंग आहे. रेटिकल कागदाच्या रेघांवरून सरकले तर प्रथम पॅरॅलॅक्स पुन्हा तपासावा, नंतर रिंगा पाहाव्यात, आणि दोन्ही ठीक असूनही रेटिकल सरकत असेल तर आत काहीतरी सुटलेले आहे असे समजावे. असा स्कोप ठेवू नये, मग त्याचा आयपीस कितीही घट्ट असो.

झूमचे कडे एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली आणून त्याच आकड्यावर थांबवावे. रेटिकल पहिल्या प्रतलात असलेल्या (म्हणजे झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठे दिसणाऱ्या) स्कोपमध्ये ते आपल्या बिंदूवरून हलता कामा नये. दुसऱ्या प्रतलातल्या (रेटिकल त्याच आकाराचे राहणाऱ्या) स्कोपमध्ये थोडा फरक पडू शकतो, पण 0.1 मिल (मिल हे कोनाचे माप) म्हणजे 100 मीटरवर 1 सेंटिमीटर, आणि तेवढा फरक दिसला तरी मी तो स्कोप अचूक नेमबाजीसाठी घेणार नाही. कडे मध्येच अडकत असेल तर स्क्रू तपासावेत. माझ्या एका स्कोपचे झूम अचानक जड झाले तेव्हा मी स्कोपलाच बोल लावत होतो. वरच्या रिंगांचे स्क्रू टॉर्कचा पान्हा न वापरता मीच प्रमाणाबाहेर आवळले होते आणि नळी दाबली गेली होती. साधारण 2 न्यूटन-मीटर पुरेसे असते. रिंग बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळावा.

शेवटी टरेट, म्हणजे नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणारी स्कोपवरची फिरकी, आणि बांधणीची खरी पारख माझ्या मते इथेच होते. टेपने मोजलेल्या 100 मीटरवर उभी मोजपट्टी लावावी, ती सरळ आहे याची खात्री गवंड्याच्या ओळंब्याने करावी आणि रेटिकलची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी. आता टरेट 10 मिल वर फिरवले तर रेटिकल पट्टीवर बरोबर 1 मीटर सरकले पाहिजे; मिनिटांच्या टरेटवर 40 मिनिटांना सुमारे 116.4 सेंटिमीटर. अंतर मोजताना 1 मीटरची चूक झाली तर निकालात 1 टक्क्याची चूक येते, म्हणून पावलांनी अंतर मोजू नये. परत शून्यावर आणून रेटिकल पहिल्याच खुणेवर येते का ते पाहावे, आणि हे किमान पाच वेळा करावे. पहिल्या फेरीत बरोबर येणारा आणि चौथ्या फेरीत अर्धा क्लिक (टरेटचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक) चुकणारा स्कोप हा घट्ट आयपीसच्या आड लपणारा सर्वांत फसवा दोष आहे.

प्ले फक्त आयपीसपुरता असेल, पण ‘टक्’ आवाजासह असेल आणि महिन्यागणिक वाढत असेल, तर स्कोप वॉरंटीत असतानाच परत करावा, कारण तिथली ओ-रिंग (वायू अडवणारे रबरी कडे) झिजली तर आतला कोरडा वायू निघून भिंगांवर आतून धुके धरू शकते. आयपीस स्वतः उघडून टेप गुंडाळण्याचा किंवा ग्रीस भरण्याचा प्रयत्न करू नये. तक्रारीसोबत कागद आणि रेटिकल यांची हालचाल दाखवणारे, मोबाइल स्टँडवर लावून आयपीसमधून घेतलेले छोटे चित्रीकरण आणि टरेटच्या पाचही फेऱ्यांचे आकडे पाठवावेत.