मिश्र द्रावणाची संहती काढताना या चुका टाळा

जळगावात बारावीच्या क्लासला हे गणित मी दरवर्षी फळ्यावर टाकतो. ०.१० मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१० मोल) सल्फ्युरिक आम्ल ५० मिली, त्यात ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १५० मिली. शेवटी काय उरलं, आणि किती?

अर्धा वर्ग ०.०५ म्हणतो. मोलर गुणिले मिली म्हणजे मिलीमोल: आम्ल ५ मिलीमोल, अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड) १५, वजाबाकी १०, भागिले २०० मिली. आकडेमोड बरोबर, पण समीकरण कुणी लिहिलेलंच नसतं. या आम्लाचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड खातो. म्हणजे १० मिलीमोल अल्कली संपली, उरली ५. उत्तर ०.०२५ मोलर.

काही जण त्या ५ ला १५० नेच भागतात, कारण अल्कली ‘त्या’ चंचुपात्रातून आली होती. अरे, एकदा ओतलं की जुनं पात्र विसरा!

मग प्रभाराचा ताळा करा: द्रावणात एकूण धन आणि ऋण प्रभार सारखेच यायला हवेत. हा ताळा कुणीच करत नाही, आणि मला तर उत्तरापेक्षा ताळाच महत्त्वाचा वाटतो. सोडियमने काही केलं नाही म्हणून तो कुठे गेला नाही: १५ भागिले २००, ०.०७५. सल्फेट ०.०२५, पण प्रभार दोन, म्हणून ०.०५. त्यात हायड्रॉक्साइडचे ०.०२५. धन ०.०७५, ऋण ०.०७५. उत्तर ०.०५ काढणाऱ्यांचा ऋण प्रभार ०.१० होतो, चूक तिथेच उघडी पडते.

मोलॅरिटींची सरासरी काढायची खोड वेगळीच. अभिक्रिया होत नसेल आणि आकारमानं सारखी असतील, तेव्हा ती बरोबर येते. म्हणूनच सुटत नाही.

साक्याचं प्रकरण रावेर-यावलकडची मुलं पटकन पकडतात. केळीच्या ड्रीपला कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत एकाच टाकीत कालवलं की पांढरा साका बसतो, ड्रीपर चोंदतात. साक्यात गेलेलं कॅल्शियम पाण्यात धरायचं नाही, एवढं घरचं पाहून कळतं. वर्गात त्यासाठी सोपं उदाहरण घेतो: ०.२० मोलर कॅल्शियम नायट्रेट १०० मिली, ०.१० मोलर सोडियम कार्बोनेट १०० मिली. कॅल्शियम २० मिलीमोल, त्यातलं १० कार्बोनेटसोबत तळाला, द्रावणात ०.०५ मोलर. कार्बोनेट जवळपास संपलेलं. नायट्रेट मात्र ०.२०. तिथे ०.१० लिहिलं असेल, तर Ca(NO₃)₂ या सूत्रातल्या कंसाबाहेरचा २ बघायचा राहिलाय.