एकांकिका लिहिताय? आधी ब्लॅकआउट मोजा

कथानक, पात्रं, संवाद, नेपथ्य, प्रकाश, संगीत हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. भरताच्या नाट्यशास्त्रात कथेच्या पाच अवस्था आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. नावं पाठ नसली तरी चालेल. कुणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळवायला तो धडपडतोय, एवढं त्यातून उचला. पूर्वीची पाच अंकी नाटकं पुढे तीन अंकांवर आली, आज बहुतेक व्यावसायिक नाटकं दोन अंकांत आणि एका मध्यंतरात बसतात. पण ही धडपड कुठेच सुटलेली नाही.

नवा लेखक अडकतो तो प्रवेशात, म्हणजे नाटकाचे सीन पाडण्यात. मीही तिथेच अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण मालिका बघत मोठे झालो. त्यामुळे लिहिताना नकळत सीन पडत जातात. सकाळी लालबागच्या चाळीतली खोली, दुपारी बिल्डरचं ऑफिस, संध्याकाळी जिना, रात्री पुन्हा खोली. कॅमेऱ्याला हे जमतं. रंगमंचावर दर वेळी ब्लॅकआउट, म्हणजे पूर्ण अंधार होतो, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, कुणीतरी लेव्हलला (नेपथ्यातल्या लाकडी चौथऱ्याला) ठेचकाळतं आणि प्रेक्षागृहात मोबाईल उजळतात. तापवत आणलेला ताण तिथे विझतो, तो पुन्हा शून्यापासून पेटवावा लागतो. एकांकिका स्पर्धेत मिळालेली मोजकी वेळही त्यातच जाते.

वरचे चारही सीन एका रात्रीत बसतात. आई ताट वाढतेय. मुलगा करारनामा पुढे सरकवतो.

"आई, सही तेवढी कर."

"आधी जेव."

बिल्डरचं ऑफिस दाखवायची गरजच उरली नाही, ते त्या कागदात आलं. मुलाला काय हवंय ते कळलं, आई टाळतेय हेही कळलं. आता काका दारात येऊ देत. ते आल्यावर दोघांपैकी एकाचं पारडं बदललं पाहिजे. नुसती माहिती द्यायला येत असतील, तर काकांना काढा. आवडतं पात्र असलं तरी काढा.

म्हणून पहिला खर्डा झाला की प्रत्येक ब्लॅकआउटवर खूण करा. काळ किंवा जागा बदलल्याशिवाय गोष्ट खरोखरच पुढे सरकत नसेल, तरच तो ठेवा.

यूट्यूबवर नाटकं बघून रचना शिकता येते, हे मला अजिबात पटत नाही. तिथे कॅमेरा तुमच्यासाठी चेहरा निवडतो. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात किंवा गिरगावच्या साहित्य संघात बाल्कनीचं तिकीट काढा आणि बोलत नसलेलं पात्र त्या वेळी काय करतंय ते बघा. जमलं तर एखाद्या ग्रुपमध्ये बॅकस्टेज करा, रंगमंचाच्या कडेच्या विंगेतून एन्ट्री-एक्झिटचं गणित फार लवकर कळतं. आणि तुमचे संवाद स्वतःच लिहून देणाऱ्या मार्गदर्शकापासून लांब राहा. "हा आत्ताच आत का आला?" असं विचारून तुम्हाला भंडावणारा मिळाला, तर त्याला सोडू नका.

पहिली संहिता विस्कळीतच होते, घाबरू नका. चार मित्रांना बसवून मोठ्याने वाचा. ते चुळबुळ करतील तिथे समासात रेघ मारा आणि वाचत राहा, मध्ये थांबून खुलासे देऊ नका.